आधी नक्को शिकवलं

माझ्याकडे येण्याआधी मुलं बरंच काही खाऊन आलेली असतात. पोपटाने टोचलेला पेरू तर ठरलेलाच. शिवाय वेखंड मधात उगाळून जिभेवर चोळलेलं असतं, कुणाच्या तरी सांगण्यावरून जिभेखालची शीर दाखवून झालेली असते. आष्ट्याकडच्या एका आजोबांनी तर न बोलणाऱ्या नातवासाठी घरात पोपटच आणून ठेवला. वर्षभरात पोपट स्वच्छ बोलायला लागला, नातू जागच्या जागी. तेव्हा कुठे आजोबा विश्रामबागेतला माझा जिना चढून वर आले आणि खुर्चीत बसत म्हणाले, "बाई, आता तुमी बगा. पोपटाचं काम झालं."

मी वाचा-उपचार करते. पाटीवर तसंच लिहिलंय, पण ती पाटी कुणी वाचत नाही. खालच्या मेडिकलवाल्याला विचारतात, "ती बोलायची डाक्टरीण कुटं बसती?" आणि तो वर बोट दाखवतो. मी डॉक्टर नाही, सुई टोचत नाही, गोळी देत नाही. हे कळल्यावर निम्म्यांचा चेहरा पडतो. मग मी त्यांना समजावते. आयुष्यभर समजावत आले, आज तुम्हालाही सांगते.

लोकांना वाटतं बोलणं म्हणजे जीभ. अहो, जीभ बिचारी सगळ्यात शेवटी कामाला येते. त्याच्या आधी डोक्यात मनातलं ठरवायचं, त्याला शब्द शोधायचा, शब्द रांगेत लावायचे, मग तोंडाला सांगायचं. हे सगळं तुम्ही-आम्ही क्षणात करतो म्हणून त्याचं काही वाटत नाही. काही माणसांचं समजण्याचं काम एकदम चोख असतं, पण सांगण्याच्या वाटेत कुठंतरी अडतं. ऐकलेलं कळतं, विनोद कळतो, टोमणा तर फारच चांगला कळतो. पण स्वतःचं सांगायची वेळ आली की शब्द हाताला लागत नाही. लागला तर अर्धाच, नाहीतर शेजारचा. याला आमच्यात अभिव्यक्तीची अडचण म्हणतात. गल्लीत मुकं म्हणतात, आणि मागाहून येडं म्हणतात. त्या दुसऱ्या शब्दाचा मला भयंकर राग येतो.

आणखी एक गंमत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माणूस जे विचार करून बोलतो ते वेगळं, आणि जे हजारदा म्हणून घोटलेलं असतं ते वेगळं. पहिलं अडलं तरी दुसरं धडधाकट राहू शकतं. वडूजजवळच्या एका गावातून एक निवृत्त हवालदार यायचे. अर्धांगवायूनंतर त्यांना स्वतःच्या बायकोकडे पाणी मागता येईना, पण तोंडातून खणखणीत "जयहिंद साब!" निघायचं. पाणी हवं, जयहिंद साब. पंखा लाव, जयहिंद साब. त्यांची बायको कपाळाला हात लावून म्हणायची, "आवं, मला कशापायी सायब म्हंतायसा? शेजारणी हसत्यात!" आणि ते चिडून आणखी मोठ्यांदा जयहिंद करायचे. शिव्याही त्यांना सगळ्या यायच्या. घरच्यांना वाटलं डोकंच गेलं. त्यांना न विचारता बैलजोडी विकली, ते नुसते बघत राहिले. त्यांना सगळं कळत होतं. माझ्याकडे आणलं तेव्हा फार उशीर झाला होता, थोडेफार शब्द आले आणि तेवढ्यात ते गेले. त्यांच्या बैलांची मला अजून हळहळ वाटते.

पण आज सांगायचंय ते नसीमाचं.

नसीमाचे वडील बशीरभाई आष्ट्यात कोयते करतात. पिढीजात धंदा. ऊसतोडीच्या आधी त्यांच्या भट्टीपुढे उभं राहायला जागा नसते. नसीमाची आई ती लहान असतानाच वारली, त्यामुळे तिला वाढवलं बशीरभाईंच्या विधवा बहिणीनं. सगळे तिला फुफूच म्हणतात, मीही म्हणते. एके दिवशी हे तिघे माझ्याकडे आले. नसीमा तेव्हा विशी ओलांडलेली. नीटनेटकी, डोळे एकदम चलाख. खोलीत आल्या आल्या तिनं भिंतीवरची तिरकी तसबीर पाहिली आणि तिचे हात ती सरळ करायला शिवशिवलेले मला दिसले.

"नाव काय गं तुझं?" मी विचारलं.

"नसीमा," फुफू म्हणाली.

"शिकलीस किती?"

"नववी," फुफू म्हणाली. "मास्तर तोंडी इचारायचे, हिला यायचं न्हाई. मग बसवली घरी."

"फुफू, मी हिला विचारतेय."

"व्हय व्हय, तिलाच इचारा की," फुफू म्हणाली आणि लगेच पुढं, "चहा नको म्हणतीय ती." नसीमा चहाबद्दल अवाक्षर बोलली नव्हती.

फुफूला नावं ठेवू नका. प्रेमाची बाई. पोरीला शब्द सापडत नाही हे तिला लहानपणीच कळलं आणि तिनं आपले शब्द पुरवायला सुरुवात केली. पोरीनं मान वळवली की पाणी, भुवई उचलली की भाकरी. पोरीला बोलायची गरजच ठेवली नाही. अशा प्रेमानं माझं काम किती वाढवलंय, ते माझं मला ठाऊक.

बशीरभाई मुद्द्यावर आले. "बाई, पोरीचं लगीन जमलंय. मिरजेचा पोरगा हाय, इम्रान. फ्रिज दुरुस्त करतो, सोताचं दुकान हाय. लय चांगली माणसं. फकस्त येक अडचण हाय."

"कसली?"

"निकाहच्या टायमाला वकील येऊन पोरीला इचारतो, कुबूल हाय का. तेवढं तिनं तोंडानं म्हणलं पायजे. मान हलवली तरी चालतं म्हणत्यात, पर लोक काय म्हणतील? मुकी पोरगी दिली म्हणतील. तुमी तिला तेवढा येक शबूद शिकवा. बाकीचं आमी बगतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निकाहात नवरी बायकांमध्ये आत बसलेली असते. तिच्या बाजूनं एक वडीलधारा माणूस, ज्याला वकील म्हणतात, दोन साक्षीदार घेऊन तिच्यापाशी येतो आणि नवऱ्याचं नाव घेऊन तिची परवानगी विचारतो. ती हो म्हणाली की बाहेर काझींना जाऊन सांगायचं. तिच्या होकाराशिवाय पान हलत नाही. मला ही रीत फार आवडते.

"घरी थोडी प्रॅक्टिस घेतली हाय," बशीरभाई म्हणाले. "म्हण बेटा."

"कुबूल है," नसीमा म्हणाली. स्पष्ट, सुरेख.

मी चक्रावले. "अहो, येतंय की! मग माझ्याकडे कशाला?"

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बशीरभाई खाली मान घालून म्हणाले, "तुमी दुसरं काय बी इचारा."

मी विचारलं, "नसीमा, आष्ट्याहून कशानं आलात?"

"कुबूल है."

"बाहेर ऊन आहे का?"

"कुबूल है." तिचे डोळे भरून आले. तिला कळत होतं की चुकीचं निघतंय. ती तोंड दाबून धरत होती तरी तेच निघत होतं.

घरच्यांनी महिनाभर सकाळ-संध्याकाळ एकच शब्द घोटून घेतला होता. जेवायच्या आधी कुबूल है, झोपायच्या आधी कुबूल है. आता तिचे होते-नव्हते ते मोडके-तोडके शब्दही मागं सरले होते आणि कुठल्याही प्रश्नाला तो एकच पुढं धावत होता. हवालदारांचा जयहिंद मी पाहिला होता, पण तो आजारानं झाला होता. हा घरात बसून तयार केला होता!

मी जरा मुद्दाम क्रूर झाले. म्हटलं, "नसीमा, तुझे केस कापून टाकू?"

"कुबूल है."

"तुला विहिरीत ढकलू?"

"कुबूल है." आता ती रडत होती. फुफूही रडायला लागली.

"बघितलंत, बशीरभाई?" मी म्हणाले. "ही विहिरीलाही कुबूल म्हणतेय. असा होकार तुम्ही वकिलासमोर नेऊन ठेवणार? मी नाही त्यात. शिकवीन, पण माझ्या पद्धतीनं. आणि फुफू बाहेर बसेल." हे शेवटचं फुफूला विहिरीपेक्षा जास्त लागलं.

आमच्या कामात एक युक्ती असते, मुद्दाम बिघडवायची. मुलाला बिनचाकाची गाडी द्यायची, चहा द्यायचा पण कप उलटा. समोरचं इतकं चुकीचं करायचं की माणसाला राहवतच नाही आणि त्या तिडिकीत शब्द बाहेर पडतो. प्रश्न विचारून जे निघत नाही ते चिडवून निघतं. आमच्या घरचे म्हणतात हे काम मला जन्मजात येतं.

नसीमा घरी कोयत्यांना मुठी बसवायची. पातं वडील करायचे, मूठ तिची. मी बशीरभाईंकडून बिनमुठीची पाती आणि लाकडी मुठी मागवून घेतल्या आणि तिच्यासमोर बसून एक मूठ उलटी बसवायला लागले. तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला. मूठ तिरकी ठोकली. ती खुर्चीतून अर्धी उठली. मी हातोडी उचलली आणि पात्याच्या धारेवरच मारायला निघाले.

"नक्को!"

काय आवाज होता तो! खाली मेडिकलवाल्याला ऐकू गेला. बाहेरून फुफू आत धावत आली, "क्या हुआ, क्या हुआ?"

"बाहेर," मी म्हणाले.

त्यानंतर आम्ही नक्कोची शेतीच केली. मी तिला न आवडणारं सगळं पुढं केलं. कारल्याची भाजी, भडक पिवळी ओढणी, टीव्हीवरची रडकी मालिका. आधी कुबूल है निघायचं, मग ती थांबायची, डोळे मिटायची, आणि नक्को यायचं. हळूहळू कुबूल है मागं पडलं. नक्कोच्या मागोमाग तिचे जुने शब्द परत आले, त्यांना धरून नवेही आले. "नक्को, तिखट." "नक्को, हे... वाकडं." मराठी यायचं, घरची भाषा यायची, दोन्ही मिसळून यायचं. मला सगळं चालत होतं. शब्द दोन-दोन, तीन-तीनच, मध्ये लांब थांबा, पण सगळे तिचे स्वतःचे.

काही दिवसांनी बशीरभाई एकटेच आले. भट्टीवरून थेट आले असावेत, अंगावर काजळी तशीच. "बाई, मी पोरीला व्हय म्हणायला आणली, तुमी न्हाई म्हणायला शिकवून पाठिवली!"

"काय झालं?"

"काय झालं? फुफूनं कापड आणलं, नक्को. भाजी वाढली, नक्को. पाव्हण्यांचा फोन आला, नक्को. आवं, मी काय बोललो की नक्को! साऱ्या घराला नक्को करून ठिवलंय. उद्या वकिलासमूर नक्को म्हणली तर मी कुटं तोंड दाखवू?"

मीही तापले. "बशीरभाई, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक येतं. चार कोयते हातात घेतं, बाजूला सारतं, मग पाचवा उचलतं. तो पाचवा त्याच्या पसंतीचा असतो, हो की नाही? तुम्ही पहिलाच त्याच्या हातात बांधून दिलात तर?"

ते बराच वेळ हातावरची काजळी खरवडत बसले. मग हळूच म्हणाले, "बाई, आई न्हाई तिला. माज्या माघारी तिचं कसं व्हायाचं? ह्यो पोरगा हातचा गेला तर दुसरा कुटनं आणू?"

आता मला त्यांच्यावर रागावता येईना. हा माणूस पोरीचं वाईट चिंतत नव्हता. तो घाबरला होता. मी त्यांना चहा दिला आणि शिकवणं चालूच ठेवलं.

खरी भानगड मला पुढच्या खेपेला कळली. नसीमाचा फोन टेबलावर होता, त्यावर सारखे मेसेज येत होते. तिनं फोन उलटा ठेवला. मी म्हटलं, "इम्रान का?" तिनं मान हलवली. मी चिडवलं, "अगं मग बोल की." तिनं फोन माझ्याकडे ढकलला आणि स्वतःकडे बोट करून म्हणाली, "मी... नाही." मग बाहेर बोट केलं. "फुफू."

मला आधी उमगेना. मग उमगलं आणि हसावं की रडावं कळेना. नसीमाचे शब्द लिहितानाही अडायचे, म्हणून पन्नाशीची फुफू तिच्याच फोनवरून इम्रानला नसीमाच्या नावानं मेसेज पाठवत होती! गुड मॉर्निंग, जेवला का, आज तुमची फार आठवण आली. फुफूचं बोलणं मुळातच रसाळ. इम्रान एकदम खूश होता. मुलगी समोर आली की बोलत नाही, लाजते, पण फोनवर काय गोड बोलते! मिरजेच्या माणसांना सांगितलं होतं ते एवढंच, की पोरगी लय शरमाळू हाय.

"त्याला माहीत नाही?" मी विचारलं.

"नाही."

"मग तुला काय हवंय? लग्न नको?"

तिनं डोळे मिटले. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहिलं. थांबणं हा माझ्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि मी बडबडी बाई, मला तर फारच. "इम्रान... चांगला," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "खोटं... नक्को. मी... सांगणार."

इम्रानला मी फोन करू शकत होते. फुफूला झापू शकत होते. पण माझा एक नियम आहे, जे माणसाला सांगायचंय ते मी सांगत नाही. त्याच्या तोंडचा शब्द काढून घेणारे जन्मभर पुष्कळ भेटतात, त्यात माझी भर कशाला? आम्ही तिचं वाक्य तयार केलं. घोटून नाही, नाहीतर पुन्हा तेच व्हायचं. वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या वेळी, कधी चहा पिताना, कधी मूठ बसवताना. अर्थ एकच: मला बोलायला वेळ लागतो, तुम्ही थांबा.

लग्नाची तारीख ठरवायला इम्रान आणि त्याची आई आष्ट्याला आली. मी तिथे नव्हते. मला ते फुफूनं सांगितलं, तेही रडत, म्हणून खरं असणार. इम्रान कौतुकानं आपल्या आईला म्हणाला, "फोनवर काय बोलते ही, तुला खरं वाटायचं नाही." फुफू लगेच म्हणाली, "समोर लाजतीय हो." तेवढ्यात नसीमानं फुफूच्या तोंडावर हात ठेवला. सगळ्यांदेखत.

"नक्को... फुफू," ती म्हणाली. मग इम्रानकडे वळून, "फोनवर... मी नाही. फुफू. मी... बोलते... उशिरा. शब्द... सापडत... नाही. डोकं... ठीक."

इम्रान उभा राहिला. सरबताचा पेला तसाच ठेवला, आईला म्हणाला, "चल." आणि दोघे निघून गेले.

संध्याकाळी बशीरभाईंचा फोन आला. ते ओरडले नाहीत. "झालं तुमचं समाधान, बाई?" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मला जेवण गेलं नाही. मी खोटं बोलत नाही, मला भीती वाटली. पोरीचं आयुष्य होतं, माझ्या पद्धतीचा मोठेपणा मिरवायची ती जागा नव्हती. पण पुन्हा पुन्हा विचार केला तरी दुसरं काय करायला हवं होतं ते मला सुचलं नाही. आजही सुचत नाही. तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी आपलं स्वतःचं सांगितलं होतं आणि तेही खरं सांगितलं होतं.

नसीमा मात्र ठरलेल्या दिवशी आली. डोळे सुजलेले. मी म्हटलं, "वाईट वाटतंय?" ती म्हणाली, "हौ." मग म्हणाली, "हलकं... पण." आणि मूठ बसवायला घेतली.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि इम्रान दारात. हातात हत्यारांची पेटी, कुठल्यातरी फ्रिजवरून आलेला, माझा पत्ता बशीरभाईंकडून घेऊन. बसला नाही. "मॅडम, मला एकच सांगा. इतके महिने मी खरंच फुफूशी बोलत होतो?"

"फुफूशीच," मी म्हणाले.

त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. "आणि मी तिला काय काय लिहिलंय!" म्हणत तो मटकन खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागला. मीही हसले. हसून झाल्यावर म्हणाला, "मला राग बोलता येत नाही याचा नाही आला, मॅडम. मला येडं बनवलं याचा आला."

"पण खरं काय ते सांगितलं कुणी? फुफूनं? वडलांनी?"

"तिनंच," तो म्हणाला.

मग त्यानं विचारायचं ते विचारलं. सगळं समजतं का? मी म्हटलं, तुम्हाला समजतं त्याहून जास्त. बरी होईल का? मी खरं सांगितलं, बोलणं सुधारेल, सुधारतंय, पण तुमच्या-माझ्यासारखी बडबड ती करणार नाही. संसार चालवेल का? इथं मी थांबवलं. "बाकीचं तिला विचारा. मी तिची वकील नाही. फक्त एक करायचं. प्रश्न विचारला की गप्प बसायचं. शब्द पुरवायचा नाही. जमेल?"

"त्यात काय अवघड?"

"बघा करून," मी म्हणाले.

ते माझ्याच खोलीत भेटले. मी बाहेर फुफूजवळ बसले, दार उघडं ठेवून. फुफूला मी चक्क शेंगा सोलायला दिल्या होत्या, हात आणि तोंड दोन्ही गुंतावं म्हणून. आत शांतता. मध्येच इम्रानचा आवाज, मग पुन्हा शांतता, इतकी लांब की फुफू दोनदा उठायला गेली आणि दोनदा मी तिचा पदर धरून बसवली. मग आतून नसीमाचा आवाज आला, काय ते कळलं नाही.

इम्रान बाहेर आला तो घामाघूम. "मॅडम, लय अवघड हाय हो हे गप बसणं," म्हणाला. मिरजेची शहरी भाषा कुठल्या कुठे गेली होती. "तिनं मला एकच प्रश्न विचारला. म्हणाली, तू परत का आलास? आणि मलाच उत्तर देता येईना."

"मग?"

"मग ती थांबली," तो म्हणाला. "सापडेपर्यंत थांबली."

काय सापडलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. महिन्याभरात आष्ट्याहून आमंत्रण आलं. बशीरभाई स्वतः द्यायला आले होते. खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाले, "बाई, मी तुमाला लय बोललो." मी म्हटलं, "बोललात ते बरं केलंत, मनात ठेवलं नाहीत." एवढ्यावर आमचं मिटलं.

निकाहच्या दिवशी मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. नसीमा मधोमध, तिच्या शेजारी फुफू. नसीमाचे मामू वकील झाले होते. सरळ, पापभीरू म्हातारा. ते दोन साक्षीदार घेऊन आत आले तशी बायकांची कुजबुज थांबली. बाहेरून बशीरभाईंची सावली दारावर पडलेली दिसत होती. मामू तिच्यासमोर बसले, इम्रानचं नाव, त्याच्या वडलांचं नाव, सगळं रीतसर घेतलं आणि म्हणाले, "बेटा, ये निकाह तुमकु कुबूल है?"

नसीमानं डोळे मिटले.

आम्ही सगळ्या थांबलो. कोपऱ्यातली एक म्हातारी पुटपुटली, "शरमा रही है, हां समझो." मामू उठायला गेले. नसीमानं डोळे न उघडताच त्यांची बाही धरली. ते पुन्हा बसले. मी फुफूकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले होते. सवयीनं शब्द जिभेवर आला होता, मला तो जवळजवळ दिसला. मग फुफूनं पदराचा बोळा केला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोळा काढला नाही. खरं सांगते, माझी स्वतःची जीभही शिवशिवत होती.

"मेरेकु," नसीमा म्हणाली आणि थांबली.

कुणी हललं नाही.

"मेरेकु... इम्रान... होना."

मला इम्रान हवाय. नवरीनं, भर निकाहात, सगळ्यांदेखत! एक मुलगी खुदकन हसली, म्हातारीनं "या अल्ला" म्हणून गालावर हात मारून घेतला, आणि मग सगळी खोलीच हसायला लागली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मामू मात्र गोंधळले. त्यांना एकाच शब्दाची तयारी करून आणलं होतं. ते हळूच म्हणाले, "बेटा, वो तो ठीक है, लेकिन कुबूल है बोलना पडता ना."

नसीमानं डोळे उघडले. वैतागली होती. एवढ्या कष्टानं सांगितलेलं पुन्हा कशाला सांगायचं, असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"बोली... ना, मामू."

मामूंनी मागं वळून साक्षीदारांकडे पाहिलं. "सुने क्या?"

"सुने," दोघे म्हणाले, आणि तिघेही उठून काझींना सांगायला बाहेर गेले.